नमुना सहा

तांडापेठेतली मागची गल्ली, मे महिना,
सकाळचे साडेदहा,
स्कुटीच्या सीटवर हात टेकला तर चटका बसतो.
पिशवीत यादीचा भाग दोनशे सात,
कोरे फॉर्म, दोन पेन, पाण्याची बाटली
आणि एक कांदा.
(आईनं घातला, ऊन लागू नये म्हणून.
मी मनपाच्या शाळेत विज्ञान शिकवते.
कांदा मात्र काढून ठेवत नाही.)

पहिलं घर धकात्यांचं.
"भाऊराव धकाते?"
"ते वारले न जी. करोनात."
यादीत ते दर वर्षी
एकेका वर्षानं मोठे होत राहिले आहेत.

"आणि हा?"
हा म्हणजे वंश. स्टुलावर चढून
कुलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बांधतोय,
दातांत तार.
आठवीत माझ्याच वर्गात, खिडकीजवळ.
आता वीस वर्षांचा. गल्लीभरचे कुलर
त्याच्या हातानं थंड वारा देतात.
यादीत त्याचं नाव नाही.

"कायले मॅडम," तो वरूनच म्हणाला,
"एका मतानं काय होऊन राहिलं?"

माझ्याकडे उत्तरं होती. आम्हाला
प्रशिक्षणात छापील देतात.
पण त्याच्या हातात पाना होता, पाठीवर ऊन,
आणि मला खोटं बोलवेना.
"बहुतेक वेळा काहीच होत नाही," मी म्हटलं.
तेव्हा त्यानं पहिल्यांदा खाली पाहिलं.

पण ऐक, ही यादी मी एकटीच वाचत नाही.
निवडणुकीच्या आधी टेबलाशी बसून
दुसरेही वाचतात, बोट फिरवत, गल्ली गल्ली.
तुमच्या गल्लीत घरं एकोणीस,
अठरा ओलांडलेली पोट्टे-पोट्टी सत्तावीस.
यादीत चार.
मग ते बोट थांबत नाही, पुढं सरकतं.
नळाला पाणी कधी येतं तुमच्या?
रात्री अडीचला? अर्धा तास?
मी असं म्हणत नाही की म्हणूनच.
मी फक्त आकडा सांगितला.

आणि माझंही सांगते.
पहिल्या वेळी मी रांग पाहून परत फिरले,
मैत्रिणींसोबत तर्री-पोहे खाल्ले.
तर्री झकास होती.
पण पुढची पाच वर्षं
कशावरही तक्रार करायला तोंड उघडलं
की जीभ तिथंच पोळायची.

तो उतरला. हात पॅन्टला पुसले.
फोटो एकच निघाला, भावाच्या लग्नातला,
डोळ्यावर केस. "हा चालन का?"
"कपाळ दिसू दे. दुसरा काढ."

एवढ्यात आतून चेतना आली, त्याची बहीण,
मार्चमध्ये अठराची झालेली.
फॉर्म हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला,
मग अगदी हळू, दाराकडे पाहत:
"मी कोणाले देलं, ते बाबाले माहीत पडते का?"

"नाही."
"मामाले?"
"नाही. मलाही नाही. कोणालाच नाही."

तीन बाजूंना पुठ्ठा असतो,
चौथ्या बाजूला फक्त तू.
तुमच्या दोन खोल्यांच्या घरात
अशी जागा कुठं आहे सांग.

ती काही बोलली नाही.
कुलरच्या टपावर कागद ठेवून
तिनं नाव लिहिलं, आधी स्वतःचं,
मग रकाना आला म्हणून बापाचं.
वंश मागं उभा राहून म्हणाला,
"अक्षर तं पाय बे हिचं!"
तिनं त्याला कोपर मारलं. पेन सोडला नाही.

भाऊरावांसाठी मी नमुना सात काढला.
आजीनं विचारलं, "कापून टाकता का?"
मी म्हटलं, "हो."
ती म्हणाली, "पाणी पिऊन जा."

दुपारी दोनपर्यंत सहा फॉर्म.
चार घरांना कुलूप, दोन पोरं पुण्याला,
एकानं "उद्या या" म्हटलं. उद्या येईन.
चेतनाच्या फॉर्मवर एका कोपऱ्यात
ओल्या बोटाचा डाग आहे.
नाकाशी नेला, तर वाळ्याचा वास.